वणव्यावर माती

काडेपेटी जपून वापरायचे दिवस होते, तेव्हा घरोघरी एक रीत होती. रात्री जेवणे आटोपली की घरची बाई चुलीतले दोन-चार निखारे राखेखाली पुरून ठेवी. वरून पाहिले तर चूल थंड. पण पहाटे राख बाजूला सारली, वाळकी गोवरी टेकवली आणि फुंकणीने फुंकर घातली की विस्तव पुन्हा लाल होई. राखेने निखारा मरत नाही. राख त्याला जपते.

कोळसा पाडणारे लोकही हेच करतात. लाकडे रचतात, वर पाला घालतात आणि मातीने लिंपून टाकतात. आत हवा फार थोडी जाते. म्हणून लाकूड भडकत नाही, पण विझतही नाही. कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहते.

या धड्यात आम्ही वणवा मातीने कसा विझवावा हे सांगणार आहोत. मग चुलीची आणि भट्टीची गोष्ट कशाला? तर रानात पुष्कळदा आपण नेमके हेच करतो. जळत्या ओंडक्यावर चार घमेली माती ओततो. धूर दिसेनासा होतो. “विझला रे” म्हणून सगळे घरी येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटतो आणि त्याच जागी पुन्हा जाळ उठतो. मग लोक म्हणतात, कोणी तरी मुद्दाम लावला. कधी कधी लावलेलाही असतो. पण पुष्कळदा तो कालचाच असतो, मातीखाली निजलेला.

तेव्हा मातीचे काम नीट समजून घेऊ.

जाळ जिवंत राहायला तीन गोष्टी लागतात. जळण, हवा आणि ताप. तिन्हींतली एक काढून घेतली की जाळ मरतो. पाणी मुख्यतः ताप काढून घेते. माती जळणावर बसते आणि हवा तोडते. ती स्वतः जळत नाही, उलट थोडा ताप आपल्यात ओढून घेते. माती ओलसर असली तर फारच बरे. तिच्यातल्या ओलीची वाफ होते आणि त्यात बराच ताप खर्ची पडतो. शिवाय जळते रान आणि न जळलेले रान यांच्या मध्ये उघड्या मातीचा पट्टा असला तर जाळाला पुढे खायला काही मिळत नाही.

पाण्याने विझवणे केव्हाही चांगलेच. पण फेब्रुवारी-मार्चात डोंगरावर पाणी कुठे? खालच्या ओढ्यातून हंडा वर न्यायला दम लागतो आणि तो दोन फेकांत संपतो. माती मात्र पायाखालीच असते.

पण पायाखालची सगळीच माती कामाची नसते. झाडाखाली बसून हाताने उकरून पाहा. वर वाळका पाला असतो. त्याखाली अर्धवट कुजलेल्या पानांचा काळपट थर असतो. तो हाताला हलका, भुसभुशीत लागतो. ही अजून माती झालेली नाही. वाळली की ती जळते. ती जाळावर टाकणे म्हणजे जाळाला चारा घालणे. इंडोनेशिया देशात दलदलीच्या जागी असा कुजलेला थर काही ठिकाणी पुरुषभर खोल आहे. तेथे १९९७ साली आणि पुन्हा २०१५ साली त्या थराला आग लागली. कित्येक आठवडे जमीनच धुमसत होती आणि धूर समुद्रापलीकडे सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. आपल्या डोंगरांवर इतका जाड थर नाही. तरी जुन्या झाडांच्या मुळाशी, बांबूच्या बेटात, ओहोळाच्या खळग्यात वीतभर असतोच. म्हणून वरचा थर बाजूला सारावा आणि खालची खरी माती घ्यावी. मूठभर घेऊन चोळावी. पाने-काड्या लागल्या तर आणखी खणावे. (काळपट म्हटले म्हणून कापसाची काळी जमीन मनात आणू नका. ती काळी असली तरी खरी माती आहे, जळत नाही.)

ओढ्यातली वाळू चालते. मुरूमही चालतो. काळ्या रानात अडचण वेगळी. उन्हाळ्यात तिची ढेकळे दगडासारखी होतात. ढेकूळ जाळावर टाकले तर घरंगळत बाजूला जाते आणि जाळ तसाच राहतो. ते फावड्याच्या तुंब्याने फोडून भुगा करून टाकावे. कोकणात जांभ्याच्या सड्यावर तर माती खरवडून निघत नाही. ज्यांच्या काजूच्या किंवा आंब्याच्या बागा अशा सड्याला लागून आहेत, त्यांनी जानेवारीतच बागेच्या कडेला मातीचे चार-सहा ढीग घालून ठेवावेत. वेळेला तेच उपयोगी पडतात.

आता आपल्या हत्याराविषयी. परदेशातल्या चित्रांत वणवा विझवणाऱ्यांच्या हातात लांब दांड्याचे सरळ पात्याचे फावडे दिसते. त्याने माती उचलून लांब फेकता येते. आपले फावडे वाकड्या पात्याचे. ते ओढायला चांगले, फेकायला नाही. म्हणून आपल्याकडे तिघांची जोडणी करावी. एकाने टिकावाने माती मोकळी करावी. दुसऱ्याने फावड्याने घमेले भरावे. तिसऱ्याने ती जाळावर टाकावी. घमेले एका जागी उपडे करू नये. फोकून पेरणी करतो तशी, हात फिरवून, माती पसरून टाकावी. आणि ती जाळाच्या शेंड्यावर नव्हे, बुडाशी. शेंडा नुसता दिसायला मोठा असतो. खाणारे तोंड खाली, पाल्याला टेकलेले असते.

सागाच्या रानात एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेळघाटात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे रान पुष्कळ आहे. सागाचे पान ताटाएवढे. वाळले की ते वाटीसारखे वळते. अशी पाने एकावर एक पडली की मध्ये पोकळी राहते. वरून माती टाकली तर ती वरच्या पानात साचते आणि जाळ खालून पुढे सरकतो. वरून पाहणाऱ्याला वाटते, विझले. म्हणून तेथे आधी पाला विझलेल्या बाजूला ओढून घ्यावा, पायाने दाबावा आणि मग माती टाकावी. सह्याद्रीच्या उतारावर बहुतेक गवत असते. गवताचा जाळ पटकन येतो आणि पटकन जातो. तेथे मातीपेक्षा हिरव्या डहाळ्या बऱ्या. डहाळी उंच उचलून आपटू नये, ठिणग्या उडतात. ती जाळावर दाबावी आणि जळलेल्या बाजूकडे झाडावी. जाळ असा बसला की मागून मातीवाल्यांनी यावे.

कोठून सुरुवात करावी? वणव्याला जनावरासारखे तोंड असते, दोन बगला असतात आणि शेपूट असते. वारा ज्या दिशेला वाहतो किंवा चढ ज्या दिशेला असतो, तिकडे त्याचे तोंड. जनावराच्या तोंडापुढे कोणी उभे राहत नाही. वणव्याच्याही राहू नये. शेपटाकडून, म्हणजे जळून गेलेल्या बाजूने, यावे. बगलेने विझवत विझवत पुढे सरकावे. तोंड हळूहळू निमुळते होत जाते. जाळ चार फुटांपेक्षा उंच असला, म्हणजे साधारण माणसाच्या छातीला लागेल एवढा असला, तर घमेल्याने आणि डहाळीने त्याच्याशी झुंजू नये. तेथे माती जाळावर टाकायची नाही. माती त्याच्या वाटेत उघडी करायची.

हिला जाळरेषा म्हणतात. वनखाते दर वर्षी उन्हाळ्याआधी मोठ्या जाळरेषा काढते. गावकऱ्यांना ऐन वेळी लहान काढावी लागते. जाळापासून पुरेसे पुढे जाऊन गवत-पाला खरवडून खरी माती उघडी करायची. रेषा गवताच्या उंचीच्या दुप्पट तरी रुंद हवी. वारा असला तर आणखी रुंद. काढलेले वाळके गवत रेषेच्या पलीकडे, न जळलेल्या बाजूला दूर पसरावे. ते जाळाच्या बाजूला ढीग करून ठेवले तर जाळ तेथे येऊन उंच भडकतो आणि उडी मारतो. रेषा तोडू नये. मध्ये हातभर जरी पाला राहिला तरी जाळाला तेवढी वाट पुरते. पायवाट, बैलगाडीची चाकोरी, कोरडा ओहोळ, दगडी बांध, जे असेल ते रेषेत धरावे. तेवढी मेहनत वाचते.

उलट बाजूने मुद्दाम आग लावून वणवा थांबवता येतो, हे कित्येकांनी पाहिले असेल. ते काम जाणत्या वनरक्षकाचे आहे. वारा फिरला तर एका वणव्याचे दोन होतात. आम्ही ते येथे शिकवणार नाही.

चढाविषयी थोडे थांबून सांगतो, कारण यात जीव जातात. जाळ चढावर पळतो. त्याची धग वरच्या गवताला आधीच भाजून काढते आणि ते गवत पेटायला तयारच असते. दिवसा वाराही बहुधा खालून वर वाहतो. माणूस चढावर दमतो, जाळ दमत नाही. तामिळनाडूत तेनी जिल्ह्यात कुरंगणी म्हणून डोंगर आहेत. तेथे ११ मार्च २०१८ रोजी डोंगर चढायला आलेली शहरातली तरुण मंडळी गवताच्या वणव्यात सापडली. वीसहून जास्त माणसे गेली. ती तर विझवायलाही आली नव्हती. म्हणून जाळ खाली आणि आपण वर, असे कधीही उभे राहू नये. घळीत तर मुळीच शिरू नये. घळ म्हणजे धुराड्यासारखी असते. प्रत्येकाने कामाला लागण्याआधी परतीची वाट पाहून ठेवावी. सर्वांत जवळची सुरक्षित जागा बहुधा आपल्या मागेच असते. ती म्हणजे आधी जळून काळी झालेली, थंड पडलेली जमीन. जे पुरते जळून गेले ते पुन्हा पेटत नाही.

अंगावर सुती कपडे असावेत, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनचे कापड वितळून कातडीला चिकटते. पायात चामडी जोडा असावा. नाकाला ओले फडके बांधले तर राख आत जात नाही, पण धुरातला विषारी वायू त्याने अडत नाही. डोके दुखू लागले, गरगरले की बाजूला व्हावे. यात मर्दुमकी नाही. लहान मुलांना नेऊ नये. त्यांना गावात ठेवून निरोपाचे काम द्यावे.

निरोप कोणाला? आधी वनरक्षकाला. त्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला असावा. महाराष्ट्राच्या वनखात्याचा १९२६ हा नंबरही आहे. आता आभाळातले उपग्रह आगी हेरतात. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ सालापासून त्यावरून राज्यांना इशारे देत आली आहे. हे फार चांगले झाले. पण उपग्रह ठरावीक वेळांनाच वरून जातो आणि बिडीच्या थोटकाने पेटलेला खाटेएवढा जाळ त्याला दिसत नाही. तो गुराख्याला दिसतो. आणि खाटेएवढा असतानाच तो दहा घमेल्यांत मरतो.

१९२७ सालचा भारतीय वन कायदा आहे. त्याच्या ७९ व्या कलमात लिहिले आहे, की ज्यांना सरकारी रानातून लाकूडफाटा, चराई, वनोपज घेण्याचा हक्क किंवा परवानगी आहे, त्यांनी वणव्याची खबर दिली पाहिजे आणि विझवायला मदत केली पाहिजे. राखीव जंगलात आग लावणे हा तर गुन्हाच. पण खरे सांगायचे तर कायद्याच्या धाकाने रान राहते असे आम्हाला वाटत नाही. गावाला रान लागते म्हणून ते राहते. रान जळले की गुरांची वैरण जाते, शाकारणीचे गवत जाते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या लाव्हरीची घरटी जातात. पाला जळून जमीन उघडी पडते, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात डोंगराची माती नाल्यात उतरते. जी माती आपण जाळावर टाकायला शोधतो, तीच.

काही जण म्हणतात, जाळले की गवत चांगले येते. कोंब लवकर दिसतात हे खरे आहे. वरचा वाळका कचरा गेल्यामुळे ते दिसतात. पण दर वर्षी जाळले तर लहान रोपे मरतात आणि रान वर उठतच नाही. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्याऐवजी पाला झाडून दूर करावा, नाही तर जुने लुगडे किंवा जाळी अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतात. आणि जाळायचेच म्हणून कोणी हट्टाने जाळलेच, तर निदान झाडाभोवतीची माती आधी उघडी करावी, सकाळी जाळावे आणि निखारा थंड होईपर्यंत तेथून हलू नये.

आता शेवटचे आणि सर्वांत कंटाळवाणे काम. जाळ बसला, मंडळी दमली, तहान लागली, अंधार पडत आला. असे समजा, की एका वाडीवर अशाच वेळी चुलता-पुतण्या एका जळक्या ओंडक्यापाशी उभे आहेत. पुतण्याने त्यावर मातीचा ढीग केला आहे.

“झालं तात्या, इझला. धूर बी न्हाई.”

“हात लाव.”

“कशाला?”

“लाव तर खरं. तळवा नको, हाताची पाठ जवळ धर.”

पुतण्याने हात नेला आणि झटकन मागे घेतला.

“मग? इझलाय का झाकलाय?”

“झाकलाय, तात्या.”

“आता उकर त्याला.”

तात्याचे बरोबर आहे. माती आधी टाकली ती भडका मारायला. तिचे ते काम झाले. आता तोच ढीग उकरायचा. ओंडका उलटा करायचा. त्याची जळकी बाजू कोयत्याने नाही तर फावड्याने खरवडायची. निखारे पसरायचे, मोठे असतील ते फोडायचे. त्यांत थंड, शक्यतो ओली माती घालून कालवायचे, भाकरीचे पीठ कालवतात तसे. पुन्हा पसरायचे, पुन्हा कालवायचे. निखाऱ्याच्या चारी बाजूंना थंड माती लागली की त्याचा ताप उतरतो. पाणी थोडेच असेल तर ते याच वेळी वापरावे. भडक्यावर तांब्याभर पाणी वाया जाते. कालवलेल्या निखाऱ्यावर तेच पाणी दहापट काम करते. मग हाताची पाठ धरून पाहायचे. ऊब लागली तर काम राहिले आहे.

काही जागा मुद्दाम शोधाव्या लागतात. वाळलेले शेण आतून फार वेळ धुमसते. जुन्या झाडाचे बुंधे जळतात तेव्हा जाळ मुळांतून जमिनीखाली शिरतो आणि दोन हातांवर वर येतो. तेथे मुळाच्या वाटेने खणून, मूळ तोडून, माती ठासावी. पोकळ मोहाच्या किंवा आईनाच्या खोडात आग शिरली तर ते चुलीच्या धुराड्यासारखे ओढते. खालचे भोक ओल्या मातीने बंद करावे म्हणजे ओढ कमी होते. पण अशा झाडाखाली जास्त वेळ उभे राहू नये, फांदी न सांगता पडते. बांबूची पेरे फुटतात आणि ठिणग्या लांब उडतात, म्हणून बेटाच्या भोवतीही पाहावे. उतारावर जळके गोल लाकूड असले तर त्याच्या खालच्या अंगाला मातीचा उंचवटा घालावा किंवा चर खणावा. नाही तर ते रात्री गडगडत खाली येते आणि जाळरेषा ओलांडून खालचे रान पेटवते.

सगळ्यांनी एकदम घरी जाऊ नये. चौघांनी मागे राहावे, पाणी आणि भाकरी घेऊन. अंधाराचा एक फायदा असतो. दिवसा न दिसणारा निखारा रात्री लांबून लाल दिसतो. दर तासाने कडेकडेने एक फेरी घालावी. पहाटे दव पडलेले असते, गारवा असतो. त्या वेळी जाळ सर्वांत मलूल असतो. उरलेले निखारे कालवायला तीच वेळ चांगली. ती झोपेत घालवली तर दुपारी दहा माणसांचे काम वाढते.

दुसऱ्या दिवशी बारा ते चार या वेळात, ऊन आणि वारा असताना, कोणी तरी जाऊन पाहिलेच पाहिजे. मोठे बुंधे जळले असतील तर तिसऱ्या दिवशीही. नाकाने वास घ्यावा, माश्यांसारखा धूर कोठे घोटाळतो आहे का ते पाहावे, राखेत पांढरा गोल ठिपका दिसला तर तेथे उकरावे, कारण पूर्ण जळणाऱ्या जागेची राख पांढरी असते. जाताना हातात नुसती काठी नसावी. फावडे असावे आणि खांद्यावर पाण्याची पिशवी.